आम्लेटात लोणी जरा जास्तच

भाजलेल्या पावावर सुरीनं लोणी फासलं की खरखर आवाज होणारच. 'फँटम थ्रेड' (2017) या चित्रपटात दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसननं तो आवाज इतका वाढवून ऐकवला आहे की थिएटरात बसलेल्या माणसाचेही दात शिवशिवावेत. टेबलाच्या एका टोकाला रेनॉल्ड्स वुडकॉक हा लंडनमधला नामांकित ड्रेस डिझायनर वहीत नवं डिझाइन काढत बसला आहे. शेजारी त्याची थोरली बहीण सिरिल, आणि पलीकडे नव्यानं घरात आलेली अल्मा. ती टोस्टला लोणी लावते, खाते, चहा ओतते. यापलीकडे ती काहीही करत नाही. पण खोलीतून कुणी घोडा दौडवत नेल्यासारखी रेनॉल्ड्सची मुद्रा होते आणि तसं तो बोलूनही दाखवतो. तो उठून गेल्यावर सिरिल अल्माला शांतपणे समज देते: सकाळची न्याहारी बिघडली की त्याचा सगळा दिवस बिघडतो, तेव्हा तुझी न्याहारी तू त्याच्यानंतर कर.

पछाडलेल्या प्रेमावरचे चित्रपट म्हटलं की आपल्याला पाठलाग, धमक्या, रक्तानं लिहिलेली पत्रं आठवतात. इथे त्यातलं काहीच नाही. इथे सत्ता गाजवली जाते ती कुणी कधी खायचं, किती आवाजात चावायचं आणि कुठल्या वेळी बोलायचं एवढ्याच गोष्टींवर. घरातल्या कर्त्या पुरुषाचा डोळा लागला की सगळ्यांनी चवड्यांवर चालायचं, ही रीत आपल्याकडच्या वाड्यांतही होती. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे टेबल फारसं परकं वाटू नये.

कथा 1950 च्या दशकातल्या लंडनची आहे. ब्रिटनमधलं कपड्यांचं रेशनिंग 1949 मध्ये उठलं होतं. पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओरनं 1947 मध्ये घेरदार झग्यांची लाट आणली होती. लंडनमध्ये नॉर्मन हार्टनेलसारखे डिझायनर राजघराण्याचे कपडे शिवत होते. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या लग्नाचा आणि राज्याभिषेकाचा पोशाख हार्टनेलचाच. रेनॉल्ड्स या जगातला काल्पनिक माणूस. राहत्या घरातच त्याचं दुकान आणि कारखाना. वरच्या मजल्यावर पांढऱ्या कोटातल्या कारागीर बायका, खालच्या दिवाणखान्यात गिऱ्हाइकं. हिशेब, नोकरचाकर आणि भावाच्या आयुष्यात येणाऱ्याजाणाऱ्या बायका, हा सगळा कारभार सिरिलकडे. लेस्ली मॅनव्हिलनं ही बहीण इतक्या कमी हालचालींत उभी केली आहे की तिची भुवई हलली तरी ती नोटीस वाटते.

हा माणूस शिवणकाम करताना खोटा वाटू नये म्हणून डॅनियल डे-लुईस खरोखरच शिवणकाम शिकला. न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या वेषभूषा विभागाचे प्रमुख मार्क हॅपेल यांच्या हाताखाली त्यानं कापड बेतण्यापासून काजं करण्यापर्यंत सगळं गिरवलं आणि शेवटी बालेन्सियागा या डिझायनरचा एक झगा नुसता बघून स्वतः पुन्हा शिवून काढला. दिसायला अगदी साधा, पण काखेतली कळी बसवताना घाम फोडणारा. मापाला उभी होती त्याची बायको, लेखिका-दिग्दर्शिका रेबेका मिलर. चित्रपटातल्या कारागिरांपैकी दोघी तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या, शिवणकामात हयात घालवलेल्या बायका आहेत. पडद्यावर त्यांची बोटं पाहावीत. त्या बोटांना अभिनय करावा लागत नाही.

अल्मा त्याला भेटते ती समुद्रकाठच्या एका हॉटेलात. ती तिथे वेट्रेस आहे. ती कुठल्या देशातून आली, मागे कोण आहे, हे चित्रपट सांगत नाही. फक्त तिचे उच्चार परके आहेत. (व्हिकी क्रीप्स ही अभिनेत्री लक्झेंबर्गची.) रेनॉल्ड्स न्याहारीची भलीमोठी ऑर्डर देतो आणि तिनं लिहून घेतलेला कागद स्वतःकडे ठेवून घेतो. तिला सगळं तोंडपाठ राहतं का, हे त्याला बघायचं असतं. ती चूक करत नाही. संध्याकाळी जेवायला नेल्यावर तो रुमाल भिजवून तिच्या ओठांवरचं लिपस्टिक पुसून टाकतो. आपल्या कोटाच्या अस्तराआड आईच्या केसांची बट शिवलेली आहे, असंही तो तिला सांगतो. पहिल्याच भेटीत एवढं सांगणारा माणूस मोकळा वाटतो. पण या मोकळेपणात एक अट दडलेली आहे: बोलणार मी, ऐकणार तू.

मग मापं घेण्याचा प्रसंग. माझ्या मते सबंध चित्रपटाचा गाभा इथेच आहे. अल्मा लाजत, थोडी हरखून आतल्या कपड्यांवर उभी आहे. तिला वाटतंय ही प्रेमाची रात्र. तो टेप काढतो. तेवढ्यात सिरिल आत येते, तिच्याजवळ जाऊन वास घेते आणि वही उघडून बसते. तो आकडे सांगत जातो, ही लिहीत जाते. खांदा, छाती, कंबर, हात. तुला छाती नाही, असं तो सहज म्हणतो. ती चुकल्यासारखी माफी मागते. त्यावर तो म्हणतो, नाही, तू अगदी योग्य आहेस. छाती द्यायची की नाही ते मी ठरवीन. सिरिल पुढे तिला सांगते की तुझा बांधा त्याला हवा तसाच आहे, त्याला थोडं पोट असलेलं आवडतं. एका माणसाचे आकड्यांत तुकडे होताना आपण बघतो, आणि तरीही अल्माच्या चेहऱ्यावर आनंद आहे. आपल्याकडे कुणी आजवर इतकं निरखून पाहिलंच नव्हतं, असा तो आनंद. पछाडलेल्या नात्याचं दार बहुधा इथूनच उघडतं. दुसऱ्याचं बारीक लक्ष आपल्याला प्रेम वाटतं. ते लक्ष आपल्यावर आहे की आपल्या मापांवर, हे बघायचं राहून जातं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विलर्ड वॉलर यांनी 1938 मध्ये एक निरीक्षण मांडलं: नात्यात ज्याला नातं टिकण्याची गरज कमी, त्याच्या हाती सत्ता जास्त. रेनॉल्ड्सच्या घरात हा नियम ठळक दिसतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच अल्माच्या आधीची बाई, योहाना, न्याहारीच्या टेबलावर त्याचं लक्ष वेधून घ्यायची केविलवाणी धडपड करते. ती गोड पावाची बशी पुढे करते, तो वैतागतो. त्या बाईला जायला सांगणं हे काम तो स्वतः करतच नाही. ते सिरिल करणार, निरोपाची भेट म्हणून एक झगा देऊन. म्हणजे या घरातून बाई जाते तीही नीट घडी घालून. रेनॉल्ड्सला कुणाचीच गरज नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे.

निदान त्याचा दावा तरी तसा. याच दशकात, याच शहरात, टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी हे मनोविश्लेषक आईपासून तुटलेल्या मुलांचा अभ्यास करत होते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी लिहिलेला अहवाल 1951 मध्ये आला. लहानपणी जवळचं माणूस हाकेला येतं की नाही, यावर माणूस पुढे जवळीक कशी पेलतो हे बरंचसं ठरतं, असा त्यांच्या विचाराचा रोख. 1987 मध्ये सिंडी हझान आणि फिलिप शेवर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हाच धागा प्रौढांच्या प्रेमापर्यंत नेला. काही माणसं जवळ आलेल्याला धरून ठेवायला धडपडतात, तर काही जवळीक वाढली की अंग काढून घेतात. दुसऱ्या गटातल्या माणसाला आधाराची गरज नसते असं नाही. आधार मागायची त्याला लाज वाटते. सोळाव्या वर्षी आईच्या दुसऱ्या लग्नाचा पोशाख शिवणारा, तिचे केस छातीशी बाळगणारा, कपड्यांच्या शिवणीत गुपचूप शब्द लपवणारा रेनॉल्ड्स या वर्णनात चपखल बसतो. गरज आहे, पण ती मेलेल्या आईकडे वळवलेली. मेलेलं माणूस न्याहारीला आवाज करत नाही.

अल्मा हे ओळखते. ती भाबडी आहे असं मानणारे प्रेक्षक फसतात. एका श्रीमंत बाईच्या लग्नाचा प्रसंग आठवा. ती बाई रेनॉल्ड्सनं शिवलेल्या झग्यातच दारू पिऊन लुडकते. हा झगा घालायची तिची लायकी नाही, हे रेनॉल्ड्सच्या आधी अल्मा बोलते. दोघं तिच्या खोलीत शिरतात आणि बेशुद्ध बाईच्या अंगावरून झगा उतरवून घेऊन येतात. त्यानंतर रस्त्यात दोघं जे चुंबन घेतात ते चित्रपटातलं सर्वांत उत्कट. अल्माला या घराची सत्ता उलथून टाकायची नाही. तिला त्या सत्तेत वाटा हवा आहे.

तो वाटा सरळ मागून पाहिल्यावर काय होतं? एका संध्याकाळी ती सगळ्यांना घराबाहेर पाठवते आणि त्याच्यासाठी स्वतः स्वयंपाक करते. असं करू नकोस, असा सल्ला सिरिलनं दिलेला असतोच. शतावरीचे कोंब ती लोण्यात करते. त्याला ते तेल-मिठात आवडतात, हे तिला ठाऊक आहे. तो एक कोंब खातो आणि एवढं खाल्ल्याबद्दल स्वतःच्याच दिलदारपणाचं कौतुक करतो. मग भांडण पेटतं. तुझे नियम, तुझ्या भिंती, तुझी माणसं, तुझे कपडे, असं ती एकेक मोजत सुटते. तो तिला शत्रूचा हेर ठरवतो. भांडण क्रूर आहे आणि विलक्षण विनोदीही. या चित्रपटाला हसू येऊ न देणारे समीक्षक मला कधीच कळले नाहीत.

त्यानंतर अल्मा रानात जाऊन अळंब्या वेचते.

विषारी अळंबीची थोडी पूड ती चहात घालते. रेनॉल्ड्स कारखान्यातच कोसळतो, तो नेमका एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर. पोशाख फाटतो, डाग पडतात. कारागीर बायका रात्रभर जागून तो पुन्हा उभा करतात. आणि वरच्या खोलीत, तापानं फणफणलेला, ओकाऱ्यांनी गळालेला तो माणूस पहिल्यांदा कुणाला तरी जवळ बसू देतो. डॉक्टरला तो हाकलतो, अल्माला नाही. त्याला भिंतीशी लग्नाच्या पोशाखात उभी असलेली आई दिसते. अल्मा आत येते, आई दिसेनाशी होते. सकाळी उठल्यावर तो तिला लग्नाची मागणी घालतो.

अळंबीच्या बाबतीत चित्रपटानं स्वतःची सोय पाहिली आहे, हे सांगायलाच हवं. अळंबीच्या विषबाधेनं होणाऱ्या मृत्यूंना बहुतेक वेळा जबाबदार असते ती 'डेथ कॅप' जातीची अळंबी. तिची लक्षणं सहा तासांनंतर, कधी दिवसभरानं सुरू होतात. मध्ये एकदोन दिवस रोग्याला बरं वाटतं, नातेवाईक निश्चिंत होतात, आणि मग यकृत निकामी होतं. थोड्याच वेळात पोट बिघडवून दिवसभरात सोडून देणाऱ्या जातीही आहेत. पण रोगी किती दिवस झोपून राहील हे चिमटीनं मोजून ठरवता यावं, इतकी आज्ञाधारक अळंबी नसते. अल्माची अळंबी कथेच्या सोयीनं वागते.

या कल्पनेचा उगम अगदी घरगुती आहे. अँडरसन एकदा आजारी पडला होता. अंथरुणाशी बसलेली जोडीदार, अभिनेत्री माया रुडॉल्फ, त्याच्याकडे बऱ्याच दिवसांनी इतक्या मायेनं पाहते आहे असं त्याला वाटलं, आणि हिला मी असाच आजारी हवा आहे की काय, ही शंका मनात आली. त्या शंकेतून हा 130 मिनिटांचा चित्रपट उभा राहिला. घराघरांतल्या बायकांना ही शंका नवी वाटणार नाही. एरवी तोऱ्यात असलेला पुरुष दोन दिवसांच्या तापात लहान मूल होतो आणि पेजेची वाटी मुकाट्यानं हातात घेतो, याचं सुख किती जणींनी कुणाला न सांगता अनुभवलं असेल.

शंकेपाशी थांबणं वेगळं आणि अळंबी वेचायला जाणं वेगळं. दुसऱ्याला मुद्दाम आजारी पाडून त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसांचं वर्णन ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी 1977 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केलं. त्यांच्या नोंदीत आया आणि त्यांची मुलं होती. (मेडो यांच्या पुढच्या काळातल्या काही कोर्टातल्या साक्षी चुकीच्या ठरल्या, ती वेगळी कहाणी.) अशा प्रकरणांत शुश्रूषा करणाऱ्याला मिळतं ते महत्त्व. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं आहे, हे त्या माणसाला जगाकडून ऐकायचं असतं. अल्माला मात्र जगाशी घेणं नाही. तिला ते एकाच माणसाच्या तोंडून हवं आहे.

आणि रेनॉल्ड्स? डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या संशोधकांनी 1981 मध्ये छळाच्या नात्यात माणसं का अडकून पडतात याची मांडणी केली. त्यांच्या मते दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: दोघांच्या ताकदीतला मोठा फरक, आणि छळाच्या मधेमधे येणारी माया. सतत वाईट वागणूक मिळाली तर माणूस एक ना एक दिवस निघून जातो. अधूनमधून मिळणारी माया त्याला बांधून ठेवते, कारण पुढची खेप कधी येईल याचा नेम नसतो. चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात हे वर्णन अल्माला लागू पडतं. दुसऱ्या अर्ध्यात ते हळूच रेनॉल्ड्सला लागू होतं. अँडरसननं छळणारा आणि छळ सोसणारा यांच्या खुर्च्या बदलल्या आहेत, आणि तेही आवाज न करता.

शेवटाकडे येऊ. लग्न झालेलं आहे आणि रेनॉल्ड्स वैतागलेला आहे. या मुलीमुळे घराची शांतता गेली, कामाची लय गेली, अशी तक्रार तो सिरिलकडे करतो, आणि अल्मा मागे उभी राहून ते ऐकते. सिरिलनंही आता बाजू बदलली आहे. तिला अल्मा आवडू लागली आहे. मग गावाकडच्या घरात अल्मा आम्लेट करायला घेते. तो समोर बसून बघतो आहे. ती कढईत लोणी घालते, त्याला नकोसं वाटेल इतकं. अळंब्या चिरते, परतते, अंडी ओतते. कॅमेऱ्याला घाई नाही. बशी समोर येते. तो घास कापतो, हुंगतो, तिच्याकडे बघत तोंडात घालतो, चावत राहतो. मग ती सांगते: तू आडवा पडलेला, असहाय, हळवा असा मला हवा आहेस, मदतीला फक्त मी असताना. आणि मग पुन्हा ताकदवान झालेलाही हवा आहेस. तू मरणार नाहीस. मरावंसं वाटेल, पण मरणार नाहीस. तो घास गिळतो. आजारी पडण्याआधी मला एक चुंबन दे, असं म्हणतो.

म्हणजे त्याला कळलं आहे, आणि तो खातो आहे. पहिल्या खेपेचं विष आणि दुसऱ्या खेपेचं आम्लेट यांत फरक आहे तो एवढाच. या फरकावर चित्रपट स्वतःला प्रेमकथा म्हणवून घेतो. कायद्याला मात्र तो फरक पुरत नाही. इंग्लंडमध्ये कुणाला त्रास द्यायच्या हेतूनं विष देणं हा 1861 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि 1993 मध्ये ब्राउन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं असं ठरवलं की शारीरिक इजा सोसणाऱ्यानं संमती दिली, एवढ्यानं इजा करणारा सुटत नाही. रेनॉल्ड्सची सुटकाही आज तितकी सोपी नसती. जोडीदाराचं खाणंपिणं, बोलणं, येणंजाणं सतत ताब्यात ठेवून त्याला गंभीर परिणाम होतील इतकं जखडणं, हा इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर 2015 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. न्याहारीच्या टेबलावरचे नियम तिथवर पोहोचतात का, यावर वकिलांनी भांडावं.

चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली आणि पुरस्कार मिळाला तो एकच, मार्क ब्रिजेस यांच्या वेषभूषेला. कोल्हापूरच्या भानू अथैय्यांनी 1983 मध्ये 'गांधी'साठी मिळवलेला तोच हा पुरस्कार. 'फँटम थ्रेड'च्या वर्षी सर्वांत छोट्या भाषणाबद्दल समारंभात ठेवलेली वॉटर स्कूटरही ब्रिजेस घेऊन गेले. उरलेलं सगळं, रेडिओहेडच्या जॉनी ग्रीनवुडचं पियानो आणि तंतुवाद्यांचं मोहात पाडणारं संगीत धरून, हात हलवत परतलं. त्या संगीतावर माझा थोडा राग आहे. ते इतकं सुंदर आहे की अळंबी चिरली जात असताना आपण त्या जोडप्याच्या बाजूचे होऊन बसतो. बाई आणि पुरुष यांच्या जागा बदलून, नवरा बायकोला आजारी पाडतो आहे, अशी ही कथा मांडली असती तर याच संगीतावर आपण डोललो असतो का? 1944 च्या 'गॅसलाइट'मध्ये नवरा बायकोला वेडी ठरवतो, तेव्हा प्रेक्षक पहिल्यापासून तिच्या बाजूनं असतो. अँडरसनला अशी मुभा मिळते, कारण आधीचा तासभर त्यानं रेनॉल्ड्सचा टेप, रेनॉल्ड्सचे नियम आणि रेनॉल्ड्सचा तोरा आपल्या डोक्यात बसेपर्यंत दाखवलेला असतो. आम्लेट समोर येईपर्यंत आपल्याला ती फिटंफाट वाटू लागते.

आणि ही सगळी हकिकत सांगतं कोण? शेकोटीच्या उजेडात बसलेली अल्मा. चित्रपट सुरू होतो तो तिच्या चेहऱ्यापासून. ती रेनॉल्ड्सनं हाकललेल्या त्या तरुण डॉक्टरला आपल्या संसाराची गोष्ट सांगते आहे, आणि मधेमधे आपण त्या खोलीत परततो. ती हजर नव्हती असे प्रसंगही पडद्यावर येतात. योहानाची न्याहारी तर ती या घरात येण्याआधीची. तरी ओवणारा आवाज तिचाच. रेनॉल्ड्सनं तो घास समजून-उमजून गिळला, हेही आपल्याला कळतं ते तिच्या गोष्टीत. आम्लेटाच्या टेबलाशी तिसरं कुणी नव्हतं, आणि डॉक्टरनं ते ऐकून काय केलं हे अँडरसन दाखवत नाही.